ध्यानाने आजारी पडले, ध्यानानेच सावरले: झेन भिक्खू हाकुइन यांचे जीवन

ध्यान की चळवळ, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. काहीजण म्हणतात, दहा दिवस डोळे मिटून बसणारा कार्यकर्ता मोर्चाला कधी दिसत नाही. त्यावर उत्तर येते की मोर्चात पुढे असणाऱ्यांची झोप उडालेली असते, पोटात कायम जळजळ असते, आणि त्याच चिडचिडीतून संघटनेत भांडणे लागतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दोन्ही बाजूंची माणसे रोज भेटतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून आज आपण अशा एका भिक्खूचे आयुष्य पाहणार आहोत, जे ध्यान करता करताच आजारी पडले, श्वास आणि चित्ताच्या अभ्यासाने बरे झाले, आणि पुढे शेतकऱ्यांच्या बाजूने राजसत्तेला खडे बोल सुनावण्यापर्यंत गेले. त्यांचे नाव हाकुइन एकाकु. जपानमधील रिन्झाई झेन परंपरेचा आजचा साचा बहुतांशी त्यांचाच आहे.

हाकुइन यांचा जन्म जानेवारी 1686 मध्ये सुरुगा प्रांतातील हारा या गावी झाला. गाव फुजी पर्वताच्या पायथ्याशी. एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा राजमार्ग या गावातून जात असे आणि हाकुइन यांच्या घरी वाटसरूंच्या मुक्कामाची सोय चालायची. मुलाचे नाव इवाजिरो. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. आई फार श्रद्धाळू होती आणि मुलाला सोबत घेऊन प्रवचनांना जाई.

अशाच एका प्रवचनात इवाजिरोने आठ तप्त नरकांचे वर्णन ऐकले आणि तो हादरून गेला. घरी न्हाणीत पाणी तापवायला लाकडे पेटली, पाणी खदखदू लागले, तसा तो किंचाळत सुटला. भीती घालवायला तो सूत्रपठण करू लागला. त्या दिवसांत त्याने कठपुतळ्यांच्या खेळात एका भिक्खूची कथा पाहिली. सूत्राच्या बळावर त्या भिक्खूला तापलेले लोखंडही काही करू शकले नव्हते. इवाजिरोने काही दिवस मन लावून पठण केले आणि मग चुलीतली तापलेली सळई स्वतःच्या मांडीला लावून पाहिली. मांडी भाजली. हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या अंगावर तपासून पाहण्याची ही खोड त्यांना जन्मभर पुरली.

1699 मध्ये गावातल्याच शोइन-जी या विहारात त्यांनी प्रव्रज्या घेतली. पण श्रद्धा लवकरच डगमगली. वाचता वाचता त्यांना एका थोर चिनी झेन आचार्यांची हकीकत सापडली. या आचार्यांना दरोडेखोरांनी ठार मारले होते आणि मरताना त्यांनी फोडलेली किंकाळी दूरवर ऐकू गेली होती. एवढा मोठा आचार्य स्वतःला वाचवू शकला नाही, तर आपली काय कथा, या विचाराने तरुण हाकुइन खचले. काही काळ त्यांनी धम्म बाजूला ठेवून काव्य आणि चित्रकलेत मन रमवले. एका विहारात ग्रंथांना ऊन दाखवायला बाहेर मांडले होते, तेव्हा डोळे मिटून त्यांनी एक पुस्तक उचलले. त्यात झोप येऊ नये म्हणून मांडीला आरी टोचत रात्रभर ध्यानाला बसणाऱ्या एका भिक्खूची गोष्ट निघाली. हाकुइन पुन्हा साधनेकडे वळले, आणि वळले तेही त्याच आरीच्या पद्धतीने.

ही पद्धत कोणत्या थराला गेली ते 1707 च्या अखेरीस दिसले. फुजी पर्वताचा उद्रेक झाला, जमीन हादरू लागली, राख पार एदोपर्यंत जाऊन पडली. शोइन-जीतले सगळे बाहेर पळाले. हाकुइन आत एकटे ध्यानात बसून राहिले. त्यांच्या चरित्रात हे मोठे धैर्य म्हणून सांगितले जाते. आम्हाला यात धैर्य थोडे आणि हट्ट जास्त दिसतो. देह म्हणजे आपल्या मार्गातली अडचण आहे, अशी त्यांची तेव्हाची समजूत होती.

पुढच्याच वर्षी एचिगो प्रांतातील ताकादा येथे रात्रभर बसलेले असताना दूरच्या घंटेचा आवाज कानी पडला आणि त्यांना जबरदस्त अनुभव आला. आपल्यासारखे ज्ञान गेल्या कित्येक शतकांत कोणाला झाले नसेल, असे त्यांना वाटू लागले. हा गर्व पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. तो उतरवला ईयामा येथील शोजु रोजिन या म्हाताऱ्या आचार्यांनी. त्यांनी हाकुइनचे नाक पिरगाळले, त्यांना ओसरीवरून खाली ढकलले, आणि बिळात कोंडलेले भूत म्हणून दररोज हिणवले. त्या गावी एके दिवशी हाकुइन भिक्षेसाठी एका दारात उभे होते. मन विचारात इतके बुडालेले की घरातून पुढे जा असे सांगितलेलेही ऐकू आले नाही. चिडलेल्या म्हातारीने झाडू उचलला आणि हाणला. शुद्धीवर आले तेव्हा इतके दिवस न उलगडलेली कोडी उलगडली होती. झेनच्या कथांत अशा मारहाणी पुष्कळ आहेत. आजच्या काळात कोणी शिक्षक साधकाला असा मारत असेल तर ते सहन करू नये, एवढेच आम्ही इथे सांगतो.

ईयामाला ते सुमारे आठ महिने राहिले आणि निघाले. त्यानंतर काही काळातच शरीराने हिशेब मागितला. वय जेमतेम पंचविशीच्या आसपास. डोके आणि छाती तापलेली, पाय मात्र बर्फात ठेवल्यासारखे गार. कानात सतत ओढ्याच्या पाण्यासारखा आवाज. काखेत घाम, डोळ्यांत पाणी. मन भित्रे झाले, कोणतेही काम हाती घेताना धीर होईना, जागेपणी आणि झोपेतही भास होऊ लागले. त्यांनी वैद्य केले, आचार्यांना विचारले, गुण येईना. झेन परंपरेत याला झेनरोग म्हणतात. त्यांची ही लक्षणे आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांसमोर आले ते आपल्याच काही कार्यकर्त्यांचे चेहरे. अर्धपोटी दौरे, रात्री दोनपर्यंत बैठका, सकाळी पुन्हा पोलीस ठाणे किंवा तहसील कार्यालय. ज्यांनी कधी ध्यान केलेले नाही अशांनाही हा रोग होतो.

हाकुइन यांनी सत्तरी ओलांडल्यावर, 1757 मध्ये, 'यासेन्काना' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. नावाचा अर्थ रात्रीच्या होडीतल्या रिकाम्या गप्पा असा काहीसा होतो. त्यात ते सांगतात की 1710 मध्ये क्योतोजवळच्या शिराकावा डोंगरात, एका गुहेत राहणाऱ्या हाकुयू नावाच्या तपस्व्याकडे ते गेले आणि त्याने उपाय शिकवला. पुस्तकात हाकुयूचे वय शेकड्यांनी मोजलेले आहे. संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा हाकुयू हा खरा माणूस निघाला, पण त्याचा मृत्यू 1709 मध्येच झालेला आढळला. म्हणजे पुस्तकातली भेट, निदान सांगितलेल्या साली, घडलेली नाही. हाकुइन यांनी स्वतःच्या वाचनाला आणि प्रयोगांना गोष्टीचे रूप दिले असावे. पुस्तकाची प्रस्तावनाही त्यांनी उपासमारीच्या आणि थंडीच्या नावाने, दारिद्र्य-कुटीचा मालक असे गमतीशीर टोपणनाव घेऊन लिहिली आहे. चमत्कारिक गुहेवर विश्वास ठेवायची सक्ती आपल्यावर नाही. अभ्यास काय होता ते पाहू.

त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली झोपण्यापूर्वीची. पाठीवर उताणे पडायचे, दोन्ही पाय जुळवून लांब ताणायचे आणि सगळे लक्ष डोक्यातून काढून नाभीच्या खाली, कंबरेत, मांड्या-पोटऱ्यांत, तळव्यांत न्यायचे. श्वास आपोआप खोल जातो, ओटीपोट भरल्यासारखे वाटते. जपानी भाषेत या जागेला तांदेन म्हणतात. साधकाने आपले मूळ स्वरूप, आपले सुखावतीचे क्षेत्र, आपला अमिताभ या जागीच आहे असे मनात पुन्हा पुन्हा आणायचे. नुसत्या श्वासाच्या व्यायामाला त्यांनी असा धम्माचा आशय जोडला.

दुसरा अभ्यास लोण्याचा. ताठ पण सैल बसायचे. बदकाच्या अंड्याएवढा सुगंधी मऊ लोण्याचा गोळा डोक्यावर ठेवला आहे अशी कल्पना करायची. अंगाच्या उबेने तो वितळू लागतो. आधी डोके भिजते, मग खांदे, दंड, छाती, फुप्फुसे, यकृत, जठर, पाठीचा कणा. जिथे जिथे दुखते आहे, आखडले आहे, ते सगळे त्या ओघाबरोबर खाली सरकते. ओघ कंबरेवरून पायांत उतरतो, पाय उबदार होतात, शेवटी तळव्यांशी थांबतो. घाई केली की कल्पना तुटते. बाळाची टाळू तेलाने भरणाऱ्या आपल्या आजीला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

या अभ्यासाची मुळे चीनमध्ये आहेत. आज ज्याला चीगाँग म्हणतात ते नाव या अर्थाने विसाव्या शतकात रुळले, पण श्वास आणि हालचालींनी प्रकृती राखण्याचा अभ्यास फार जुना आहे. मावांगदुई येथील इसवी सनापूर्वी 168 च्या एका थडग्यात रेशमी कापडावर अशा आसनांची 44 चित्रे मिळाली आहेत. सहाव्या शतकातील बौद्ध आचार्य चीयी (538 ते 597) यांनी आपल्या ध्यानग्रंथांत आजारांवर स्वतंत्र भाग लिहिला. त्यात चित्त कुठे ठेवायचे आणि श्वास सोडण्याचे सहा प्रकार कोणते, हे सांगितले आहे. हाकुइन या आचार्यांचा आधार घेतात. लोण्याच्या अभ्यासासाठी ते आगमांकडे, म्हणजे बुद्धवचनांच्या चिनी संग्रहांकडे बोट दाखवतात. ताओवाद्यांचे शरीरशास्त्र आणि भारतातून गेलेले ध्यान असे दोन प्रवाह त्यांच्याकडे एकत्र झाले. चिनी भाषेतली ची, जपानी भाषेतली की, म्हणजे प्राण, ऊर्जा, श्वास, जे म्हणायचे ते. ती अंगात वाहणारी एखादी वस्तू आहे असे मानल्याशिवायही हा अभ्यास करता येतो. अंग सैल सोडून, श्वास मंद करून लक्ष पायांकडे नेले की डोक्यातला कल्लोळ कमी होतो, झोप लागते. आनापानसती आणि कायानुपश्यना करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.

हाकुइन बरे झाले. त्यांच्या सांगण्यानुसार काही वर्षांच्या नित्य अभ्यासाने, औषधांशिवाय. म्हणून आपणही मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद कराव्यात, असा अर्थ कोणी काढू नये. नैराश्याचे औषध चालू असलेल्या तरुणाला ते सोडायला सांगून शिबिरात बसवणे हा तर अपराधच आहे. त्यांच्या काळात वैद्यकाकडे जे नव्हते ते आज आहे.

1716 च्या अखेरीस वडिलांच्या आजारपणामुळे ते हाराला परतले. शोइन-जी विहार मोडकळीला आला होता. छपरातून रात्री तारे दिसत आणि पावसात आत वावरताना डोक्यावर टोपी घ्यावी लागे. तिथेच ते राहिले. 1726 मध्ये एका रात्री सद्धर्मपुंडरीक सूत्र वाचत असताना दगडी पायऱ्यांच्या फटीतून रातकिड्याचा आवाज आला, आणि त्यांना रडू कोसळले. हेच सूत्र तरुणपणी त्यांनी नुसत्या दाखल्यांच्या गोष्टी म्हणून बाजूला टाकले होते. आता त्यातला करुणेचा अर्थ पोहोचला. त्यानंतर स्वतःची मुक्ती हा विषय त्यांच्यापुरता संपला. उरलेली चाळीसेक वर्षे त्यांनी लोकांना शिकवले.

देशभरातून साधक येऊ लागले. 1740 मध्ये एका प्रवचनमालेला सुमारे 400 लोक जमले. विहारात जागा नव्हती. माणसे आसपासच्या पडक्या घरांत, देवळांत राहत, भुसा आणि निवडून टाकलेला पाला खात. त्यातले बरेच आजारी पडत, कोणाची छाती, कोणाची झोप. तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेला रोग त्यांना शिष्यांच्या अंगावर दिसत होता. झोपण्यापूर्वीचा अभ्यास त्यांनी अशा शिष्यांना शिकवला आणि पुस्तक लिहिण्याचे कारणही हेच सांगितले. त्यांचे एक प्रमुख शिष्य तोरेई हे क्योतोत छातीच्या आजाराने इतके खंगले की मरण आले असे समजून त्यांनी आपला ग्रंथ घाईघाईने लिहून काढला. ते बरे झाले आणि पुढे त्यांनीच गुरूचे चरित्र लिहिले.

मात्र आजार टाळण्यासाठी डोंगरात जाऊन शांत बसा, असे हाकुइन यांनी कोणालाच सांगितले नाही. उलट नुसत्या स्तब्ध बसण्यावर त्यांनी आयुष्यभर कडाडून टीका केली. 1749 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओराते-गामा' या पत्रसंग्रहात एक पत्र सरदाराच्या दरबाराला आहे, एक आजारी भिक्खूला, एक दुसऱ्या पंथाच्या वृद्ध भिक्खुणीला. त्यांचे म्हणणे असे की एकांतात मिळालेली शांती कामाच्या गर्दीत आली की वितळते. म्हणून साधना करायची ती कामात, घोड्यावर, शेतात, हिशेबाच्या वहीवर. अभ्यासात स्थिर झालेला माणूस गोंधळात उभा राहू शकतो का, हीच त्यांची कसोटी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खू हा स्वतःला परिपूर्ण करणारा माणूस आहे की समाजाचा सेवक, असा प्रश्न उभा केला आहे. हाकुइन यांचे उत्तर कोणत्या बाजूचे होते हे त्यांच्या एका पत्रावरून कळते.

1754 साली त्यांनी ओकायामाचे सरदार इकेदा त्सुगुमासा यांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते 'हेबि-इचिगो' या नावाने, एका रानफळाच्या नावाने, प्रसिद्ध झाले. त्या काळी सरदारांना ठरावीक मुदतीने एदोला जाऊन राहावे लागे आणि त्यासाठी मोठमोठ्या मिरवणुका निघत. हाकुइन यांचे गाव त्याच राजमार्गावर. लहानपणापासून त्यांनी या मिरवणुका पाहिल्या होत्या आणि त्यांचा खर्च कोणाच्या धान्यातून निघतो हेही पाहिले होते. पत्रात त्यांनी या डामडौलाला, राजवाड्यातल्या उधळपट्टीला आणि करांच्या ओझ्याला धारेवर धरले. शेतकऱ्यांचे उठाव होतात त्याचा दोष त्यांनी शेतकऱ्यांना दिला नाही. कोंडीत सापडलेला उंदीर मांजरावर उलटतो, तसे पिळलेली रयत उलटते, असा त्यांचा रोख होता. शोगुनच्या सरकारने हे लिखाण बंदीच्या यादीत टाकले. त्यावेळी हाकुइन जवळपास सत्तरीचे होते.

इथे आमचे एक मत नोंदवतो. हाकुइन क्रांतिकारक नव्हते. सरदाराने दयाळू व्हावे एवढीच त्यांची मागणी होती, सरदारकी जावी असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या काळात प्रत्येक कुटुंबाला एखाद्या विहाराकडे नोंद करावी लागे आणि विहारांची व्यवस्था सरकारच्या नजरकैदेचे साधन झाली होती. जपानमधील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समूहांच्या मृतांना अपमानकारक धम्मनावे देण्याची प्रथाही विहारांतूनच चालली आणि विसाव्या शतकात त्या समाजाच्या चळवळीने जाब विचारल्यावर पंथांना ती कबूल करावी लागली. म्हणून जपानी बौद्ध परंपरेकडे पाहताना आपण डोळे उघडे ठेवावेत. त्या चौकटीत राहूनही एका खेड्यातल्या भिक्खूने बंदी ओढवून घेण्याइतके लिहिले, ही गोष्ट मात्र लहान नाही.

सामान्यांसाठी ते गाणी रचत, चित्रे काढत. बोधिधर्माचा मोठ्या डोळ्यांचा चेहरा, गालफुगी हसरी स्त्री, आंधळे लोक ओंडक्याच्या पुलावरून चाचपडत पलीकडे जाताना. त्यांची हजारांहून अधिक चित्रे आणि अक्षरलेखने आज शिल्लक आहेत, त्यातली बहुतेक म्हातारपणातली. एका हाताची टाळी हे प्रसिद्ध कोडेही त्यांचेच. उपासक-उपासिकांना ते भिक्खूंच्या बरोबरीने शिकवत. सत्तरी उलटल्यावर त्यांनी स्वतःच लिहिले आहे की दात सगळे शाबूत आहेत, डोळे-कान चांगले आहेत आणि शेकडो लोकांसमोर पन्नास-साठ दिवसांची प्रवचनमाला चालवूनही थकवा येत नाही.

शेवटी मात्र देह थकलाच. 1768 च्या हिवाळ्यात ते आजारी पडले. तोरेई यांच्या चरित्रानुसार वैद्याने येऊन नाडी पाहिली आणि चिंतेचे काही नाही असे सांगितले. मरणाची चाहूल तीन दिवस आधी ज्याला लागत नाही तो कसला वैद्य, असे म्हणून हाकुइन यांनी त्याची थट्टा केली. थोड्याच दिवसांनी, जानेवारी 1769 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी ते उजव्या कुशीवर झोपलेले असताना गेले. हारा गाव आता नुमाझु शहरात आले आहे. शोइन-जी विहार तिथे अजून उभा आहे आणि हाकुइन यांची समाधी त्याच आवारात आहे.